सही करता येते तोवरच

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं गेलं आणि समजही गेली. घराच्या मॉर्गेजचा हप्ता त्याच्या एकट्याच्या खात्यातून जातो, पेन्शन तिथेच जमा होते, गॅस आणि विजेची बिलं त्याच्याच नावावर येतात. आता बायकोने बँकेत जाऊन हे सगळं हाती घ्यायचं म्हटलं, तर घेता येईल का? इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी माणसालाही वाटतं, येईलच की, चाळीस वर्षांचा संसार आहे! पण नाही येत.

इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यानुसार सज्ञान माणसाच्या पैशाचे, घराचे आणि शरीराचे निर्णय फक्त त्याचे. नवरा, बायको, मुलगा किंवा मुलगी असल्यामुळे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार आपोआप मिळत नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नेक्स्ट ऑफ किन', म्हणजे जवळचं नातेवाईक, म्हणून तुमचं नाव असतं. त्यामुळे डॉक्टर तुम्हाला फोन करतात, तुमचं मत विचारतात, पण उपचाराचा अखेरचा निर्णय तुमचा नसतो. जोडखात्याचाही भरवसा धरू नका. एका खातेदाराची समज गेली आहे हे बँकेला कळलं, तर ती जोडखात्यावरचे व्यवहार अत्यावश्यक खर्चापुरते मर्यादित करू शकते. सरकारी पेन्शन आणि भत्त्यांपुरता डीडब्ल्यूपी (ते पैसे देणारं सरकारी खातं) 'अपॉइंटी', म्हणजे ते पैसे सांभाळणारा माणूस, नेमून देतं, पण त्या माणसाला बाकी बचतीला किंवा घराला हात लावता येत नाही.

हा अधिकार आधीच, स्वतःच्या मर्जीने, विश्वासातल्या माणसाला देऊन ठेवायचा कागद म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी. इथे सगळे त्याला एलपीए म्हणतात. तो २००५च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टमधून आला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून करता येऊ लागला. त्याआधी एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी असायची. तुमच्या आईवडिलांनी त्या तारखेच्या आत ती करून ठेवली असेल, तर ती आजही चालते. म्हणून जुन्या फायली एकदा चाळून बघा. मात्र ती फक्त पैसा आणि मालमत्तेपुरती आहे, तब्येतीचे निर्णय तिच्यात बसत नाहीत. स्कॉटलंडमध्ये २०००चा वेगळा कायदा आणि वेगळे कागद आहेत, उत्तर आयर्लंडची पद्धतही निराळी आहे. या लेखात मी इंग्लंड आणि वेल्सपुरतंच बोलतो आहे.

एलपीए दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे करावे लागतात. एक पैसा आणि मालमत्तेचा, त्यात बँक, बिलं, पेन्शन, गुंतवणूक, घराची विक्री हे सगळं येतं. दुसरा तब्येत आणि राहणीमानाचा, त्यात कोणते उपचार घ्यायचे, केअर होममध्ये जायचं का, रोजची देखभाल कशी व्हावी हे येतं. तब्येतीचा कागद तुमची स्वतःची निर्णयक्षमता गेल्यावरच लागू होतो, त्याआधी कोणी तो वापरू शकत नाही. पैशाच्या कागदात मात्र तुम्ही निवड करू शकता. नोंदणी झाल्या झाल्या, तुमच्या संमतीने, तो वापरता यावा असं लिहिता येतं, किंवा समज गेल्यावरच असंही लिहिता येतं. दुसरा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो, पण मग दरवेळी बँक विचारते की समज गेल्याचा पुरावा काय. तुमचा नेमलेल्या माणसावर विश्वास असेल तर पहिलाच निवडा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर बँकेत जाता येत नाही, अशा वेळीही तो उपयोगी पडतो. आणि संमती तुमचीच लागत असल्यामुळे तुमच्या हातातून काही जात नाही.

ज्यांना अधिकार देता ते ॲटर्नी. ते वकील असण्याची गरज नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेला, समज शाबूत असलेला कोणीही चालतो: जोडीदार, मुलं, मैत्रीण, भाऊ. पैशाच्या कागदासाठी दिवाळखोर माणूस चालत नाही. ॲटर्नी इंग्लंडमध्ये राहत असला पाहिजे असंही नाही. नाशिकचा भाऊ नेमता येतो, पण त्याला त्या कागदावर शाईने सही करावी लागते आणि साक्षीदार प्रत्यक्ष समोर असावा लागतो, व्हिडिओ कॉलवरचा साक्षीदार चालत नाही.

एकापेक्षा जास्त ॲटर्नी नेमले, तर त्यांनी कसं वागायचं हे ठरवावं लागतं, आणि आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर कोणाला कमी लेखल्यासारखं होऊ नये म्हणून आईवडील तिघांनाही नेमतात आणि 'जॉइंटली' या चौकोनात खूण करतात. म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिघांच्याही सह्या हव्यात. एक सिडनीला, एक बर्मिंगहॅमला, एक कामाच्या धबडग्यात. विजेचं बिल बदलायलाही तिघं लागणार. आणि तिघांपैकी एक जण वारला किंवा त्याला ते काम जमेनासं झालं, तर बदली माणूस नेमून ठेवला नसल्यास अख्खा कागदच निकामी होतो. 'जॉइंटली अँड सेव्हरली' निवडलं, तर तिघं मिळून किंवा एकेकटे, दोन्ही प्रकारे काम करू शकतात. घर विकण्यासारख्या मोठ्या गोष्टींना सगळ्यांच्या सह्या आणि बाकीच्याला एकाची, अशीही सोय आहे. माझं स्पष्ट मत आहे की वाटणीतली समानता मृत्युपत्रात दाखवावी. एलपीएमध्ये जो जवळ राहतो, हिशेबाला चोख आहे आणि फोन उचलतो, त्याला नेमावं. बाकीच्यांना का नेमलं नाही ते तोंडावर सांगून टाकावं. बदली ॲटर्नी मात्र नक्की नेमा. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला, एवढंच करून लोक थांबतात. पण दोघांची वयं सारखीच असतात, दुखणी एकाच वेळी येतात. शिवाय घटस्फोट झाला, तर तुम्ही वेगळं लिहून ठेवलं नसल्यास जोडीदाराचं ॲटर्नीपण तिथेच संपतं.

आजींची खोलीतली मुलाखत

एवढा मोठा अधिकार एका सहीने द्यायचा, तर कोणी धाक दाखवून तो घेऊ नये यासाठी कायद्याने एक तिसरा माणूस मध्ये ठेवला आहे. त्याला सर्टिफिकेट प्रोव्हायडर म्हणतात. तो तुम्हाला निदान दोन वर्षं व्यक्तिशः ओळखणारा तरी हवा, किंवा डॉक्टर, सॉलिसिटर, सोशल वर्कर असा व्यावसायिक तरी. नातेवाईक चालत नाहीत, ॲटर्नी चालत नाही, ॲटर्नीचेही नातेवाईक चालत नाहीत. जुना शेजारी किंवा मंडळातली मैत्रीण चालते. त्याने तुमच्याशी बोलून तीन गोष्टींची खात्री करायची: हा कागद कशाचा आहे हे तुम्हाला कळतंय, तुमच्यावर दबाव नाही, फसवणूक नाही.

समजा आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी लंडनला आल्या, पण आयुष्य घरात आणि मराठी माणसांतच गेलं. इंग्रजी कामापुरतं, तेही आता मागे पडलेलं. मुलगी ॲटर्नी आहे. मुलीला बाहेर बसवून मंडळातली जुनी मैत्रीण आजींना विचारते, "हा कागद कशाचा आहे?" आजी म्हणतात, "मला विसरायला व्हायला लागलं की बँकेचं सगळं पोरगी बघेल, त्याचा." "ती तुमचं घर विकू शकते, माहीत आहे?" "हो. पण मला कळतंय तोवर मला विचारूनच. मी कागद मोडू शकते म्हणाली ती." "मुलाला का नाही नेमलं?" "तो चांगला आहे, पण त्याला माझी औषधंसुद्धा माहीत नाहीत." इतकं पुरे आहे. कुठल्या बँकेत किती पैसे आहेत हे आजींना तोंडपाठ असायची गरज नाही, इंग्रजीत उत्तर द्यायची तर मुळीच नाही. त्या माणसाला कळेल अशा रीतीने समजावून सांगितल्यावर कळत असेल, तर त्याला कळत नाही असं म्हणू नये, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. फॉर्मवर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवलेला चालतो. हात थरथरत असेल तर अंगठा किंवा खूण चालते. मात्र दुभाष्या लागला, तर मुलगी किंवा ॲटर्नी दुभाष्या नको. नाहीतर दबाव नव्हता हे उद्या सिद्ध कसं करणार?

ही मुलाखत बंद दाराआड व्हायला हवी यावर मी अडून राहीन. मुलं वाईट असतात म्हणून नाही. पण मुलांसमोर आपली माणसं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात, आणि मनात काय आहे ते कळत नाही.

फॉर्म भरायला वकील लागतोच असं नाही. ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन हे सरकारी कार्यालय कागद नोंदवतं आणि फॉर्म त्याच्याकडूनच मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोंदणीची फी ८२ वरून ९२ पौंड झाली. ती प्रत्येक कागदाची, म्हणजे जोडप्याने दोन्ही प्रकार केले तर चार कागदांचे ३६८ पौंड. उत्पन्न वर्षाला १२,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अर्धी सवलत मिळते, काही सरकारी भत्ते मिळत असतील तर पूर्ण माफी. नोंदणी झाल्याशिवाय कागद वापरता येत नाही आणि नोंदणीला काही आठवडे जातात, त्यात हरकत घेण्यासाठीची चार आठवड्यांची मुदतही येते. म्हणून कागद भरून कपाटात ठेवू नका, लगेच पाठवा.

अर्ज परत येतात ते बहुधा सह्यांच्या क्रमामुळे. आधी ज्याचा कागद आहे त्याची सही, साक्षीदारासमोर. मग सर्टिफिकेट प्रोव्हायडरची. मग ॲटर्नींच्या. शेवटी नोंदणीच्या अर्जावरची. मुलाने रविवारी आई येण्याआधीच आपली सही करून टाकली, की तारखा उलटसुलट होतात आणि कागद बाद होतो. आईच्या सहीला ॲटर्नी साक्षीदार होऊ शकत नाही, पण सर्टिफिकेट प्रोव्हायडर होऊ शकतो. आणि नावं तपासा. पासपोर्टवर एक नाव, बँकेत लग्नानंतरचं दुसरं, पेन्शनच्या कागदावर वडिलांचं नाव मधे घातलेलं तिसरं, असं आपल्या बायकांच्या बाबतीत फार होतं. दुसऱ्या नावांसाठी फॉर्ममध्ये जागा आहे, ती भरा.

तब्येतीच्या कागदात एक प्रश्न असा आहे की तो घरात मोठ्याने वाचायलाही लोक कचरतात. जीव टिकवून ठेवणाऱ्या उपचारांना हो किंवा नाही म्हणायचा अधिकार ॲटर्नीला द्यायचा का? व्हेंटिलेटर, नळीने अन्न, छाती दाबून हृदय चालू करणं, हे त्यात येऊ शकतं. अधिकार दिला तर डॉक्टर ॲटर्नीला विचारतात, आणि ॲटर्नीने तुमच्या हिताचा विचार करून उत्तर द्यायचं. नाही दिला तर निर्णय डॉक्टरांचा. दोन्हीही योग्य असू शकतात, पण कोरी जागा ठेवून हा भाग सोडता येत नाही, इथे वेगळी सही लागते. त्या सहीआधी एकदा ॲटर्नीसमोर बसून बोला. मला अंथरुणाला खिळून काढलेली दोन वर्षं नको आहेत, की काहीही झालं तरी नातवाचं लग्न बघेपर्यंत झगडायचं आहे, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

त्याच फॉर्ममध्ये इच्छा आणि सूचना लिहायला जागा असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सूचना ॲटर्नीवर बंधनकारक असते, इच्छा लक्षात घ्यायची असते. मुलांनी मला कधीही केअर होममध्ये ठेवू नये, अशी सूचना लिहिली आणि पुढे घरी सांभाळणं अशक्य झालं, तर ॲटर्नीचे हात बांधले जातात. तेच इच्छा म्हणून लिहा. जेवण शाकाहारी असावं, कांदा-लसूण चालतो, चतुर्थीला वरणभात आणि मोदक मिळाला तर आनंद वाटेल, देखभालीला शक्यतो मराठी किंवा हिंदी बोलणारं कोणी असावं, हे जरूर लिहा. डिमेन्शियात उशिरा शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस मातृभाषेकडे परततो, असं पुष्कळ घरांत दिसतं. ज्या केअर होममध्ये कोणालाच मराठी येत नाही तिथे आजी 'तहान लागली' म्हणत राहिल्या, तर ते कोणाला कळणार?

पैशाच्या ॲटर्नीने काय करू नये हे त्यालाही माहीत हवं. त्या माणसाचे पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचे नाहीत, पावत्या जपायच्या, हिशेब ठेवायचा. भेटवस्तूंबद्दल कायदा कडक आहे: जन्म, लग्न, वाढदिवस किंवा जिथे देण्याघेण्याची रीत आहे असे प्रसंग, नात्यातली किंवा जवळची माणसं, आणि त्या माणसाच्या ऐपतीला शोभेल एवढीच रक्कम. भाऊबीजेची ओवाळणी, दिवाळीला नातवंडांना काही, मुंजीचा किंवा लग्नाचा आहेर यात बसतो. आईने पूर्वी ज्या संस्थेला देणगी दिली असती तिथे माफक देणगीही बसते. पण वडिलांच्या पैशातून नातवाची विद्यापीठाची फी भरायची, किंवा घर मुलाच्या नावावर करायचं, याला कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची, म्हणजे समज गेलेल्या माणसांची प्रकरणं बघणाऱ्या कोर्टाची, परवानगी लागते. 'बाबांनी दिलेच असते' हे पुरेसं नाही.

एलपीए केलाच नाही आणि समज गेली, तर याच कोर्टाकडे जाऊन 'डेप्युटी' म्हणून नेमणूक मागावी लागते. अर्जाची फी, डॉक्टरांचा अहवाल, महिनोन्महिने वाट, सिक्युरिटी बाँड (पैशांचा घोळ झाला तर भरपाईची हमी), दरवर्षी देखरेखीची फी आणि दरवर्षी हिशेबाचा अहवाल. पैशांपुरती अशी नेमणूक मिळते. तब्येतीच्या निर्णयांसाठी कोर्ट डेप्युटी क्वचितच नेमतं. आणि हे सगळं चालू असताना घराचा हप्ता थांबत नाही.

पुण्यातला फ्लॅट

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती. इंग्लंडमधल्या कित्येक मराठी कुटुंबांचं भारतात काहीतरी असतं: फ्लॅट, गावची जमीन, एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं), मुदत ठेवी. तिकडच्या भावाला किंवा मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिलेलं असतं आणि समज अशी असते की दोन्हीकडची सोय झाली. झालेली नसते.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची मानसिक स्थिती बिघडली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज लागते, त्याच दिवशी तो मरतो. इंग्लंडमधला एलपीए समज गेल्यावरही टिकावा म्हणूनच केलेला आहे. भारतातल्या कुलमुखत्यारपत्राला तशी सोय नाही, मग ते शंभराच्या स्टॅम्पपेपरवर असो किंवा लंडनच्या उच्चायुक्तालयात साक्षांकन करून आणलेलं असो. आणि इंग्लंडचा एलपीए घेऊन पुण्यातल्या बँकेत गेलात, तर त्याच्या जोरावर खातं चालवू देतील अशी अपेक्षा ठेवू नका.

भारतात यासाठी पूर्वी एक वाट होती. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात, न्यायालयाने चौकशी करून मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७चा नवा कायदा आला आणि तो भाग त्यात राहिला नाही. कोमात गेलेल्या किंवा डिमेन्शियाने समज गेलेल्या माणसाच्या मालमत्तेचा पालक कोणी नेमायचा, यावर सर्वांसाठी असा कायदा नाही. म्हणून कुटुंबं उच्च न्यायालयात जातात आणि न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या अधिकारात पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. वाट आहे, पण ती वकील, वैद्यकीय तपासणी आणि तारखांची आहे.

तब्येतीच्या बाजूने भारतात थोडं बरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांना, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. बरा होण्याची आशा नसलेल्या आजारात उपचार नाकारायचे किंवा थांबवायचे की नाही, हे कोणाला विचारावं, त्यांची नावं त्यात देता येतात. जे वर्षातले सहा महिने तिकडे राहतात त्यांनी हा कागद तिथे वेगळा करावा.

पैशासाठी तिकडे आजच करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. खाती जोडीने ठेवणं आणि ती दोघांपैकी कोणालाही चालवता येतात का हे बँकेला विचारणं (एनआरआय खात्यांचे नियम वेगळे आहेत). विखुरलेल्या ठेवी एका जागी आणणं. फ्लॅट विकायचाच असेल तर हातपाय आणि डोकं धड आहे तोवर विकणं, तो मुलांवर सोपवून न ठेवणं. नामनिर्देशन करा, पण ते मृत्यूनंतरसाठी असतं, समज गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरी निदान आधीच झालं आहे त्यांचा. मेमरी क्लिनिकमधून, म्हणजे विसरण्याच्या आजारांच्या दवाखान्यातून, अल्झायमरचं पत्र आलं, की लोक समजतात आता उशीर झाला. तसं नसतं. इंग्लंडच्या कायद्यात माणसाची निर्णयक्षमता आहे असंच आधी धरून चालायचं असतं, आणि ती त्या त्या निर्णयापुरती, त्या त्या वेळी पाहायची असते. शेअर्सचे व्यवहार कळत नसलेल्या माणसाला, माझं काम माझ्या लेकीने बघावं, हे नीट कळू शकतं. कळायला हवं, कागदाचा विचार करेपर्यंत लक्षात राहायला हवं, बाजूने आणि विरुद्ध तोलता यायला हवं, आणि काय ठरवलं ते कसंही सांगता यायला हवं. अशा वेळी सर्टिफिकेट प्रोव्हायडर म्हणून शेजाऱ्याऐवजी जीपी (नेहमीचे फॅमिली डॉक्टर), मेमरी क्लिनिकचे डॉक्टर किंवा अनुभवी सॉलिसिटर गाठा, ते फी घेतील, पण पुढे कोणी वाद घातला तर त्यांची नोंद कामाला येईल. भेट सकाळची घ्या, दुपारनंतर बऱ्याच जणांचं डोकं दमतं. ऐकू यायचं यंत्र लावलेलं आणि चष्मा डोळ्यावर असल्याची खात्री करा. आणि एका दिवशी नाहीच जमलं, तर आठवड्याने पुन्हा जा.